दलालाची बदली

तेंदूच्या सत्तर पानांचा एक पुडा, आणि अशा हजार पुड्यांची एक प्रमाणित गोणी. म्हणजे सत्तर हजार पाने. मे महिन्याच्या उन्हात चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात ही पाने हातानेच तोडली जातात. पहाटे अंधारात निघालेली माणसे ऊन चढायच्या आत भारे घेऊन परत येतात. मग पडवीत म्हातारीपासून शाळकरी पोरापर्यंत सगळे घर पाने जुळवायला आणि पुडे बांधायला बसते. संध्याकाळी पुडे फळीवर, म्हणजे खरेदीच्या केंद्रावर, जातात. तिथे मुन्शी शेकड्याच्या ओळी लावून घेतो, मधूनच एखादा पुडा उचलून पाने मोजतो, किडकी-फाटकी पाने बाजूला काढतो आणि कार्डावर आकडा लिहितो. ही पद्धत तीस-चाळीस वर्षांपूर्वी होती तशीच आजही आहे.

बदलले आहे ते या पानाच्या अलीकडचे आणि पलीकडचे सारे. हंगाम सुरू होण्याआधी कुठल्या युनिटमधली किती गोण्या पाने कोण घेणार, हे वनविभागाच्या ई-निविदेत आणि ई-लिलावात संगणकावर ठरते. हंगाम संपल्यावर तोडणाऱ्याची मजुरी बँकेच्या खात्यात येते. मधले तोडणे, जुळवणे, मोजणे मात्र हातानेच होते. माहिती तंत्रज्ञानाने व्यापार बदलला असे आपण सरसकट म्हणतो, तेव्हा या दोन जिल्ह्यांत त्याने मालाला फारसा हात लावलेला नाही. बदलली आहे ती भाव ठरवण्याची आणि पैसा पोचवण्याची रीत. आणि त्या दोन्ही ठिकाणी पूर्वी जो मधला माणूस होता तो नाहीसा झालेला नाही. त्याची बदली झाली आहे. जागेवर नवा आला, आणि नव्याचा चेहरा ओळखीचा नाही.

लिलावापासून पाहू. बल्लारपूर आणि आलापल्लीच्या सागवानाचे नाव देशभर आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठीचे सागवान मार्च २०२३ मध्ये बल्लारपुरातूनच वाजतगाजत रवाना झाले. या सागवानाचे लिलाव पूर्वी आगारातच उभ्याने व्हायचे. थप्पीसमोर व्यापाऱ्यांचा घोळका, अधिकारी हातची किंमत पुकारणार, मग एकेक बोली. त्या घोळक्यात सगळे एकमेकांना ओळखत. कोणी कुठल्या थप्पीवर बोलायचे आणि कुठे गप्प बसायचे, हे कधीकधी आदल्या रात्री लॉजवरच ठरलेले असे. याला व्यापारी भाषेत रिंग म्हणतात, आणि लाकूड असो की वाळूघाट, उभ्या लिलावाला लागलेली ही जुनी कीड आहे.

ई-लिलावात बोली लावणारा समोर दिसत नाही. बयाणा रक्कम आधी ऑनलाइन भरायची, ठरलेल्या वेळी लॉगिन करायचे आणि पडद्यावर सर्वात वरची बोली पाहत आपली लावायची. शेवटच्या काही मिनिटांत कुणी बोली वाढवली, तर वेळ आपोआप पुढे सरकते. म्हणजे घड्याळावर नजर ठेवून अखेरच्या सेकंदाला डल्ला मारता येत नाही. गुजरातेतला किंवा दक्षिणेतला व्यापारी आपल्या गादीवर बसून बोलतो. स्पर्धक वाढले की भाव वाढतो, आणि रिंग करायची तर कुणाकुणाशी करणार?

पण लाकूड ही फोटोवर कळणारी वस्तू नाही. ओंडका आतून पोकळ आहे का, गाठी किती, चिरफळ्या केल्यावर रंग कसा निघेल, हे जवळ जाऊन पाहणाराच सांगतो. लिलावाआधी माल पाहण्याची मुभा असते ती त्यासाठीच. दूरच्या व्यापाऱ्याला मग स्थानिक पारखी माणूस लागतो, जो थप्प्या हिंडून फोनवर सांगेल, ‘अमुक लॉट घ्या, तमुक सोडा.’ जुन्या घोळक्यातले अनुभवी डोळे अशा रीतीने नव्या व्यवस्थेतही कामाला लागतात. उभा लिलाव गेला, तरी पाहणाऱ्याला मोल उरलेच.

तेंदूत तर गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. आदिवासी भागांच्या स्वशासनासाठीच्या पेसा कायद्याखालचे महाराष्ट्राचे नियम २०१४ मध्ये आले आणि अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना दोन पर्याय मिळाले: वनविभागाने विकून द्यावे, की ग्रामसभेने स्वतः विकावे. वनहक्क कायद्याने तो रस्ता आधीच मोकळा केला होता. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या हस्ते बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक गावच्या हाती आले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्याच्या पाचगावनेही बांबू स्वतः विकायला घेतला. तेंदू मात्र तोडायचाच नाही असे ठरवले, कारण पानांसाठी फांद्या छाटल्या की झाड खुरटते आणि टेंभरे, म्हणजे तेंदूची फळे, मिळत नाहीत. कुठल्याही सॉफ्टवेअरने सुचवला नसता असा हा व्यापारी निर्णय.

ज्या ग्रामसभा तेंदू स्वतः विकतात त्यांना बाजाराचे चढउतार थेट सोसावे लागतात. २०१७ च्या हंगामात भाव असा काही चढला की गावेच्या गावे चकित झाली. त्याच वर्षी १ जुलैला जीएसटी आला आणि तेंदूपानावर १८ टक्के बसला. पुढच्या हंगामात व्यापारी हात आखडून बोलू लागले. सप्टेंबर २०२५ मध्ये हा दर ५ टक्क्यांवर आणला गेला. आठ वर्षे मधे गेली. या काळात ग्रामसभेच्या सचिवाला, म्हणजे बहुधा बारावी झालेल्या एखाद्या पोराला, पॅन कार्ड, करकपात, करारनामा, आरटीजीएस असले शब्द तोंडपाठ झाले. पूर्वी कंत्राटदाराचा दिवाणजी हे सगळे पाहायचा आणि गावाला काही विचारायचा नाही. आता गावाला विचारावे लागते, पण गावाच्या वतीने लॉगिन करणारा एकच असतो, आणि पासवर्ड त्याच्याच मोबाइलमध्ये असतो. त्याच्यावर लक्ष ठेवायचे तर बाकीच्यांनाही तो पडदा वाचता आला पाहिजे.

आता मजुरीकडे. पूर्वी तेंदूची मजुरी फळीवरच रोख मिळायची. हंगाम पंधरा-वीस दिवसांचा, आणि तो संपतो न संपतो तोच खरिपाची तयारी. धानाचे बियाणे, मीठमिरची, पोरांच्या वह्या, ठरलेले लग्न. सगळे या पैशावर. त्यासाठी कंत्राटदार पोत्यांनी नोटा जंगलात न्यायचे. इतकी रोकड जंगलाच्या वाटेने जायची, तर तिच्यावर डोळा असणारेही होते. तेंदू कंत्राटदारांकडून होणारी वसुली हा माओवाद्यांच्या पैशाचा मोठा झरा आहे, असे पोलीस वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. मजुरी खात्यात जमा व्हावी हा आग्रह धरण्यामागे ते एक कारण होते. दुसरे कारण आयकराचे. १ सप्टेंबर २०१९ पासून वर्षात एक कोटीहून जास्त रोकड बँकेतून काढली तर वरच्या रकमेवर दोन टक्के कर कापला जाऊ लागला. कोट्यवधींची मजुरी रोखीने वाटणाऱ्याला हा चिमटा चांगलाच बसतो.

खात्यात पैसे येणे चांगलेच. मुन्शीने कार्डावर शंभर पुडे कमी लिहिले तर तो वाद फळीवर होईल, पण निदान लिहिलेली मजुरी तरी मधल्यामधे कुणी खाणार नाही. मात्र या पैशाचा प्रवास एका यादीतून होतो. यादीत नाव, बँक, खाते क्रमांक, शाखेचा आयएफएससी कोड. खाते क्रमांकाचा एक आकडा चुकला, की पैसे परत. परत आले हे गावाला कळायला आठवडा, दुरुस्ती व्हायला दुसरा, आणि तोवर मृग लागून गेलेला. गडचिरोली जिल्हा चौदा हजार चौरस किलोमीटरांहून मोठा, तीन चतुर्थांशाच्या आसपास जंगल, २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेअकरा लाखांच्या आत. एवढ्या विखुरलेल्या वस्तीला बँकेच्या शाखा पुरणार कशा? एका कोपऱ्यातून शाखेत जायचे तर पूर्ण दिवस मोडतो, आणि एसटीचे भाडे वेगळे. एटापल्ली तालुक्यातल्या वांगेतुरीपर्यंत एसटी पहिल्यांदा धावली ती १ जानेवारी २०२५ रोजी.

इथे बँकमित्र येतो. रिझर्व्ह बँकेने २००६ मध्ये बँकांना असे प्रतिनिधी नेमायला परवानगी दिली, २०१४ च्या जनधन योजनेने खाती उघडली, आणि आधारच्या अंगठ्याने ती खाती गावातूनच चालवता येऊ लागली. किराण्याच्या दुकानात, झेरॉक्सच्या टपरीत किंवा नुसत्या ओट्यावर एक माणूस मोबाइल आणि काडेपेटीपेक्षा थोडे मोठे यंत्र घेऊन बसतो. तुम्ही आधार क्रमांक सांगायचा, बँकेचे नाव सांगायचे, रक्कम सांगायची, आणि काचेवर बोट ठेवायचे. पासबुक नको, सही नको.

त्या बोटाचे पुढे काय होते, ते समजून घेण्यासारखे आहे. यंत्र ठशाची माहिती कुलूपबंद करून मोबाइलला देते. तिथून ती बँकमित्राच्या बँकेकडे, तिच्याकडून राष्ट्रीय पेमेंट महामंडळाच्या म्हणजे एनपीसीआयच्या केंद्राकडे, तिथून तुमच्या बँकेकडे जाते. हा ठसा या आधार क्रमांकाचाच आहे का, हे आधार प्राधिकरणाला विचारले जाते; ते फक्त हो किंवा नाही सांगते. हो आले, की तुमची बँक खात्यातून रक्कम वजा करते आणि उत्तर उलट्या वाटेने परत येते. रेंज चांगली असेल तर हे सगळे काही सेकंदांत आटोपते. एका वेळी जास्तीत जास्त दहा हजार काढता येतात.

या वाटेवरची शेवटची पायरी सर्वात नाजूक. पैसे वजा झाले, पण ‘झाले’ हा निरोप परत येताना रेंज गेली, तर यंत्रावर व्यवहार फसल्याचे दिसते आणि खात्यातले पैसे मात्र गेलेले असतात. म्हातारी म्हणते पैसे मिळाले नाहीत, बँकमित्र म्हणतो माझ्याकडे आले नाहीत, आणि दोघेही खरे बोलत असतात. अशा वेळी काय करायचे याचा नियम आहे. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे पाच दिवसांत रक्कम परत आली पाहिजे. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला शंभर रुपये भरपाई, आणि तीही न मागता. हा नियम किती ओट्यांवर चिकटवलेला दिसतो? आणि एखाद्या लबाड हाताला हीच सबब फार सोयीची. पैसे निघालेले असताना ‘फेल झालं मावशी, उद्या या’ म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा अंगठा घ्यायचा. म्हणून छापील पावती, आणि खात्याला जोडलेल्या मोबाइलवरचा संदेश, या दोन गोष्टी सोडू नयेत. अडचण अशी, की तो मोबाइल नंबर बहुतेक वेळा नागपुरात किंवा हैदराबादेकडे कामाला गेलेल्या मुलाचा असतो.

आणि मुळात बोटच उमटले नाही तर? बांबूची सालपटे काढून, पाने तोडून, रोवणीच्या चिखलात महिना घालवून बोटांच्या रेषा झिजतात. ‘मावशी, बोट पदराला पुसा, जरा दाबून धरा. हे नाही, दुसरं. आता डाव्या हाताचं.’ बँकमित्राच्या ओट्यावर हे संभाषण दिवसभर चालू असते. चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आता आली आहे, पण त्यासाठी अधिक चांगला फोन लागतो आणि अधिक चांगली रेंजही. ज्याच्या हाताला सर्वात जास्त काम, त्याचाच ठसा यंत्राला पटत नाही, ही या व्यवस्थेतली मला सर्वात खटकणारी गोष्ट. रेशन दुकानातही तेच.

ऑगस्ट २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे पहिले हप्ते आले तेव्हा या सगळ्याची परीक्षा झाली. महिन्याला दीड हजार, थेट खात्यात. बँकांपुढे रांगा लागल्या आणि एक प्रश्न सगळीकडे ऐकू येऊ लागला: अर्जात या बँकेचा नंबर दिला होता, मग पैसे आले कुठे? उत्तर असे, की थेट लाभाचे पैसे खाते क्रमांकावर जात नाहीत, आधार क्रमांकावर जातात. एनपीसीआयकडे एक नोंदवही असते. कुठल्या आधारला कुठली बँक जोडली आहे एवढेच तिच्यात लिहिलेले. एका आधारला एका वेळी एकच बँक. तुम्ही सर्वात शेवटी जिथे संमती दिलीत ती बँक. वर्षभरापूर्वी पोस्टमनने दारात येऊन पोस्ट पेमेंट्स बँकेचे खाते उघडून दिले असेल आणि त्या वेळी जोडणीला होकार दिला गेला असेल, तर पैसे तिथे. कितीतरी बायांचे पैसे हरवलेच नव्हते. विसरलेल्या खात्यात पडून होते. कागदपत्रांची ही गुंतागुंत सोडवण्यासाठी गडचिरोली पोलिसांनी ठाण्यांत आणि चौक्यांत ‘दादालोरा खिडकी’ नावाने मदतीचे टेबल मांडले आहे. आधार, पॅन, योजनांचे अर्ज तिथे भरून मिळतात. बंदुकीच्या पहाऱ्यातल्या चौकीत आधारची कामे होणे हे बहुधा याच भागात पाहायला मिळेल.

या सगळ्याला रेंज लागते, आणि रेंजचा इतिहास इथे रक्ताळलेला आहे. भामरागड-एटापल्लीकडे टॉवर उभे राहायचे आणि जाळले जायचे. नक्षलग्रस्त भागांसाठी केंद्राने २०१४ मध्ये मंजूर केलेल्या योजनेत बीएसएनएलने देशभरात दोन हजारांहून अधिक टॉवर उभे केले, तेही सौरऊर्जेवरचे आणि टूजीचे. म्हणजे बोलणे आणि संदेश एवढेच. ते फोरजीत बदलायला २०२२ मध्ये मंजुरी मिळाली. अजून पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला, की भामरागडचा संपर्क तुटल्याची बातमी येते. रस्त्याबरोबर वीज आणि नेटवर्कही जाते, आणि तालुक्याचे सारे डिजिटल व्यवहार पाणी ओसरेपर्यंत थांबतात. इंटरनेटशिवाय साध्या फोनवर चालणाऱ्या दोन सोयी आहेत: एक स्टार-नव्याण्णव-हॅश, दुसरी मार्च २०२२ मध्ये आलेली यूपीआय १२३पे. दोन्ही चालतात, पण वापरणारा विरळा. बँकांनी त्या नीट शिकवल्या असत्या, तर सर्वात जास्त उपयोग याच भागात झाला असता.

जिथे रेंज आहे तिथे मात्र यूपीआयने बाजार पालटला. एप्रिल २०१६ मध्ये सुरू झालेली ही व्यवस्था ऑगस्ट २०२५ मध्ये महिन्याला दोन हजार कोटी व्यवहारांपलीकडे गेली. चंद्रपूरच्या गोलबाजारात तर सोडाच, आष्टी-आलापल्ली रस्त्यावरच्या चहाटपरीवरही क्यूआरचा चौकोन लटकलेला असतो. सुट्ट्या पैशांऐवजी चॉकलेट हातावर ठेवण्याची पद्धत संपली, ही त्याची मोठीच देणगी. जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्याकडून यावर शुल्क घेतले जात नाही. मग यूपीआयची ॲप चालवणाऱ्या कंपन्या जगतात कशावर? पैसे आल्याचे ओरडून सांगणारा जो डबा गल्ल्यावर असतो, त्याचे महिन्याचे भाडे असते. आणि दुकानाची रोजची उलाढाल पाहून त्याच दुकानदाराला कर्ज देता येते. टपरीवाल्याचा धंदा पूर्वी फक्त त्याच्या सावकाराला माहीत असायचा, आता तो मुंबई-बेंगळुरूतल्या संगणकाला माहीत आहे. व्याजाचा दर कुणाचा बरा, हे ज्याने त्याने हिशेब करून पाहावे.

आठवडी बाजाराच्या कडेला अजून रोख चालते, आणि उधारीही. मीठ देऊन चारोळी नेणारे व्यापारी भामरागडकडच्या जुन्या माणसांना आठवतात; त्या लुटीपेक्षा क्यूआरचा चौकोन हजारपट बरा. पण शेटजीच्या वहीत एक गोष्ट होती. जून-जुलैत घरात दाणा नसताना तो ओळखीवर माल द्यायचा, धान निघाल्यावर वसूल करायचा, चढ्या व्याजाने का होईना. यंत्रातला पैसा आजचा असतो. उद्याच्या भरवशावर किलोभर तेल देणारे ॲप अजून तरी झालेले नाही, म्हणून वही टिकून आहे.

ऑनलाइन खरेदीही अशीच जुन्या गोष्टीवर उभी आहे. तिचा पाया पन्नास वर्षांपूर्वीच एका मराठी माणसाने घालून ठेवला होता. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. भामरागडचा पिन ४४२७१०. पहिल्या आकड्याने देशाचा पश्चिमेकडचा विभाग कळतो, पहिल्या तिन्हींनी वर्धा-चंद्रपूर-गडचिरोलीचा वर्गवारीचा टापू, आणि शेवटच्या तिन्हींनी पोस्ट ऑफिस. आज प्रत्येक खरेदीच्या संकेतस्थळावर आधी हाच आकडा विचारतात, आणि ‘या ठिकाणी सेवा उपलब्ध नाही’ हे उत्तरही त्याच्याच आधारे देतात. वर्षानुवर्षे गडचिरोली जिल्ह्यात रेल्वेचे स्थानक एकच, वडसा. पुढे सगळे रस्त्याने. खासगी कुरिअर जिथे थांबते तिथून पुढे टपाल खात्याचा डाकसेवक जातो. मोबाइलचे कव्हर आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तके दुर्गम गावी पोचतात ती त्याच्या पिशवीतून.

येणारा माल आला, जाणाऱ्याचे काय? इथून बाहेर विकण्यासारखे पुष्कळ आहे: मोहफूल, मध, चारोळी, बांबूच्या वस्तू. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे शिकून बाया-पोरे सुबक काम करतात. मग ते नेटवर का विकले जात नाही? एक अडचण कराची होती. छोट्या विक्रेत्याला दुकानात विकताना जीएसटी नोंदणी लागत नसे, पण ऑनलाइन विकायचे तर लागायची. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याच राज्यात विकणाऱ्या लहान विक्रेत्यांना यातून सूट मिळाली. परराज्यात पाठवायचे तर नोंदणी अजून हवीच. दुसरी अडचण हवेची. कुरिअर कंपन्या वजन आणि आकारमान दोन्ही मोजतात आणि जे जास्त भरेल त्याचे पैसे लावतात. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून पाच हजारांनी भागायचे, येईल ते किलो. ही सर्रास वापरात असलेली रीत. चाळीस सेंटिमीटरच्या चौकोनी खोक्यात बसणारी टोपली काट्यावर अर्धा किलो भरेल, पण या हिशेबाने ती जवळजवळ तेरा किलोची होते. टोपलीपेक्षा तिच्यातल्या हवेचे भाडे जास्त. बांबूची राखी, कानातले, कीचेन या वस्तू नेटवर चालतात आणि टोपल्या-खुर्च्या चालत नाहीत, याचे गणित यात आहे. कारागिराने काय घडवायचे हे शेवटी खोक्याचा आकार ठरवतो.

झाडीपट्टीचे, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या पट्ट्याचे, नाटक मात्र या सगळ्याला पुरून उरले आहे. दिवाळीनंतर गावोगाव मंडई आणि शंकरपट सुरू झाले, की वडशात नाटक कंपन्यांच्या कार्यालयांपुढे गावाची मंडळे येतात. नाटक, नट, तारीख आणि रक्कम बोलून इसारा देतात. जाहिरात व्हॉट्सॲपवर फिरते, गाजलेले प्रवेश यूट्यूबवर लाखो लोक पाहतात, पण सौदा समोरासमोर बसूनच. रात्रभर चालणाऱ्या नाटकाला हजारो माणसे जमवायची जोखीम मंडळाची असते. ती घेण्याआधी समोरच्याच्या तोंडाकडे पाहून घ्यावेसे वाटणारच.

तोंड न पाहता केलेल्या सौद्यात काय होऊ शकते, ते ताडोब्यात दिसले. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाची सफारी ऑनलाइन झाल्याने पर्यटकाचा फायदा झाला यात शंका नाही. मोहर्लीच्या दारात पहाटे चारला रांग लावायची गरज उरली नाही, पुण्यात बसून जिप्सी मिळू लागली. हे बुकिंग एका खासगी संस्थेला कंत्राटाने दिले होते. पर्यटकाचे पैसे आधी तिच्या खात्यात, मग तिने आपले कमिशन ठेवून बाकीचे व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानला द्यायचे. ऑगस्ट २०२३ मध्ये प्रकरण पोलिसांत गेले. तक्रारीनुसार तीनेक वर्षांत पावणेतेवीस कोटींच्या आसपास भरायचे होते. भरले साडेदहा कोटींच्या वर काही, आणि बारा कोटी पंधरा लाख बाकी. चंद्रपुरात फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला आणि बुकिंग नव्या संकेतस्थळावर न्यावे लागले.

यात कुणी कुठले कुलूप तोडले नव्हते. पर्यटकाला तिकीट मिळत होते, जिप्सी धावत होती, गाइडला काम होते. पडद्यावर सगळे सुरळीत. गफलत होती ती पैशाच्या वाटेत. पर्यटकाने भरलेली रक्कम थेट प्रतिष्ठानच्या खात्यात आणि कमिशन तिथून संस्थेला, अशी उलटी वाट आखली असती तर बाकी उरायचा प्रश्नच नव्हता. हे बांधायला वेगळे तंत्रज्ञान लागत नाही, कंत्राटात दोन ओळी लागतात. फळीवरच्या मुन्शीचा हिशेब गाव रोज संध्याकाळी पाहते. या नव्या मुन्शीचा हिशेब कित्येक महिने कुणी मागितला नाही, कारण तो संगणकात आहे म्हणजे बरोबरच असणार असे सगळ्यांनी धरून चालले होते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये तर चंद्रपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेलाच सायबर चोरांनी गाठले. तीसहून अधिक ग्राहकांनी पाठवलेले पैसे ज्यांना जायचे त्यांच्याकडे पोचलेच नाहीत. तीन कोटी सत्तर लाखांच्या आसपास रक्कम दूर हरयाणातल्या खात्यांत वळली. शेतकऱ्याच्या बँकेवर पूर्वी दरोडा पडायचा तर तिजोरी फोडावी लागे. आता चोराला बँक पाहायचीही गरज नाही, चंद्रपूर नकाशावर कुठे आहे हे माहीत नसले तरी चालते. अशा वेळी १९३० या क्रमांकावर पहिल्या तास-दोन तासांत कळवले, तर पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येतात. उशीर झाला की ते दहा-वीस खात्यांत फुटतात आणि कुठल्यातरी एटीएममधून रोख होऊन बाहेर पडतात.

ही मधली दहा-वीस खाती कुणाची असतात? देशभरातल्या तपासांत पुन्हा पुन्हा दिसते ते असे, की ती गरिबांची असतात. दोन-चार हजार रुपयांत एटीएम कार्ड, पासबुक आणि सिमकार्ड कुणाला तरी वापरायला दिलेले असते. कामाच्या निमित्ताने आलेला ओळखीचा मुलगा म्हणतो, ‘कंपनीचे पैसे येतील, तू फक्त काढून दे, तुला कमिशन.’ खाते देणाऱ्याला तो पार्टटाइम धंदा वाटतो. पोलिसांचे पत्र बँकेत पोचले की ते खाते गोठते. मग त्यात रोजगार हमीची मजुरी येवो, धानाचा बोनस येवो की लाडक्या बहिणीचा हप्ता, जमा होताना दिसते आणि काढता येत नाही. आणि ते सोडवून घ्यायला चौकशी जिथे चालू असेल तिथल्या, बहुधा परराज्यातल्या, पोलीस ठाण्याची परवानगी लागते.